दोष आयांचा नव्हे



आपल्या गेल्या रविवारच्या अंकातील लेखात कमी वजनाच्या मुलांचे खापर आयांच्या आळसावर फोडले आहे. हे मला साफ अमान्य. राज्यात अशा मुलांचे प्रमाण झपाट्याने घटल्याचे विधानही चूक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार पाच वर्षांखालील कमी वजनाची मुले महाराष्ट्रात २०१५-१६ मध्ये ३६ टक्के होती, २०१९-२१ मध्ये ३६.१. देशात मात्र ती ३५.८ वरून ३२.१ टक्क्यांवर आली.

अंगणवाडीत मी बरीच वर्षे मुलांची वजने केली. सहा महिन्यांच्या बाळाच्या वाटीत पेजेची वरची निवळ येते; तळची शिते मोठ्यांच्या ताटात जातात. त्या पाण्याने पोट फुगते, वजन वाढत नाही. शिते कुस्करून त्यात मऊ वरण, चमचाभर तूप घातले तर अंगी लागते. मासळी दारात येते, पण काट्याच्या धास्तीने दोन वर्षांच्या पोरालाही नुसती कढी.

आई सकाळीच काजूच्या कारखान्यात, बाळ आजीकडे. रडले की बिस्कीट. त्यात आईच अशक्त, थोरले जेमतेम चालू लागते तोच दुसरे पोटात, पावसाळ्यात विहिरीचे न उकळलेले पाणी आणि जुलाब. यात आळस कुठे दिसला?

पुड्यांतला खाऊ वाईट, हे लेखकाचे म्हणणे खरे. पण तो आणतात बहुधा वडील. वजनाच्या दिवशी त्यांना आणि आजीलाही बोलवा.

– एक निवृत्त अंगणवाडी सेविका, मसुरे (ता. मालवण)