‘उपचारात्मक’ या विशेषणाविषयी

प्रथम वर्ष कलाशाखेत येणाऱ्या विद्यार्थ्याला धड वाचता-लिहिता येत नाही, ही तक्रार आता इतकी रूढ झाली आहे की ती तपासून पाहण्याची गरज कोणालाच भासत नाही. चाळीसगाव, पारोळा, साक्री, शिरपूर अशा गावांतील शिक्षककक्षांत ती दर वर्षी प्रवेशाच्या वेळी उच्चारली जाते आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे सुटले की पुन्हा एकदा. तिच्यावर योजलेल्या उपायाचे नाव मोठे बोलके आहे : उपचारात्मक अध्यापन. आधी निदानात्मक चाचणी, मग उपचार. वैद्यकाकडून उसनी आणलेली ही परिभाषा निरुपद्रवी नाही. तिच्यात एक रोगी गृहीत धरलेला असतो आणि तो नेहमी विद्यार्थीच असतो. अभ्यासक्रम, प्रश्नपत्रिका व अध्यापक यांना कधी साधा ज्वरही येत नाही.

अकराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात (2007–12) विद्यापीठ अनुदान आयोगाने अशा वर्गांसाठी निधी दिला. पुढे ‘नॅक’च्या मूल्यांकनात ‘मंदगती अध्ययनार्थीं’साठी काय केले, याचा जाब द्यावा लागू लागला. परिणामी अनेक ठिकाणी उपचार झाला तो नोंदवहीवर. तास संपल्यानंतर, एस.टी. गाठण्याच्या घाईत असलेल्या मुलांना थांबवून, दुपारी सांगितलेल्या टिपणांचीच उजळणी करावयाची आणि सह्या घ्यावयाच्या, याला अध्यापन म्हणणे भाषेवर अन्याय करणारे आहे.

आता ज्याला रोग म्हटले जाते त्याचे स्वरूप पाहावे. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाचा 1907 सालचा एकच भाग भिल्ली बोली, खानदेशी आणि बंजारी यांना वाहिलेला आहे. चाळीसगावच्या वर्गात आजही याच भाषा शेजारी शेजारी बसतात. अहिराणी बोलणाऱ्या मुलाच्या घरी ‘शाळा’ नसते, ‘शाया’ असते. ‘रामचा’ नसते, ‘रामना’ असते. ‘तो करतो’ आणि ‘ती करते’ या दोहोंसाठी ‘करस’ हे एकच रूप पुरते. तो ‘पानी’ लिहितो तेव्हा लाल शाई उमटते. ‘न’चा ‘ण’ करावयाचा असतो एवढे त्यातून उमजून तो पुढच्या वेळी ‘मण’ लिहितो, आणि अर्थ ‘मन’ असा असतो. या दुसऱ्या चुकीवर वर्ग हसतो. वस्तुतः ती पहिलीपेक्षा अधिक प्रगत चूक आहे; तिच्यात नियम शोधण्याची धडपड दिसते. न्यूयॉर्कच्या नगर विद्यापीठाने 1970 मध्ये प्रवेश सर्वांना खुला केला, तेव्हा तेथेही हीच हाकाटी झाली होती. मिना शॉनेसी यांनी त्या विद्यार्थ्यांचे हजारो निबंध वाचून 1977 च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की चुकांनाही तर्क असतो आणि तो वाचता येणे हे अध्यापकाचे काम आहे. अहिराणीपुरते बोलायचे तर डॉ. रमेश सूर्यवंशी यांचा शब्दकोश 1997 पासून उपलब्ध आहे. शुद्धलेखन तपासताना तो किती जणांच्या टेबलावर असतो, हे विचारण्यात अर्थ नाही.

तथापि शुद्धलेखन हा प्रश्नाचा सर्वांत किरकोळ भाग होय. खरी अडचण वाचनाची आहे. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याने कथा वाचलेली नसते, कथेविषयीचे उत्तर वाचलेले असते. आणि हे त्याने घरी नव्हे, शिक्षणव्यवस्थेतच आत्मसात केलेले असते. प्रश्न ठरावीक, उत्तरे गाईडात, गुण मुद्द्यांना : या व्यवहारात संहिता उघडणे हा वेळेचा अपव्यय ठरतो, आणि मुलगा हे बरोबर ओळखतो. लेखकाच्या मृत्यूची चर्चा मराठी समीक्षेने चवीने केली. रोलाँ बार्थने त्या मृत्यूच्या बदल्यात ज्या वाचकाचा जन्म मागितला होता त्याचे प्रसूतिगृह मात्र कोठे उघडलेले दिसले नाही.

याउलट दुसऱ्या टोकाला बोलीप्रेमींचा भाबडेपणा आहे. मुलांना अहिराणीतच लिहू द्या, प्रमाणभाषा हे वर्चस्वाचे साधन आहे, असे हे मंडळ सांगते, अर्थात शुद्ध प्रमाणभाषेत. बहिणाबाईंचा दाखला यावेळी हमखास दिला जातो. (त्यांची बोली अहिराणी नव्हे, लेवा गणबोली होती, हा भेद सोयीने विसरला जातो.) निरक्षर बाईने एवढे काव्य केले, मग लेखनाचे अवडंबर कशाला? परंतु बहिणाबाईंची गाणी टिकली ती घरात लिहून घेणारा सोपानदेवांसारखा मुलगा होता म्हणून. त्या 1951 मध्ये गेल्या आणि पुस्तक 1952 मध्ये आले. जळगावच्या विद्यापीठाला 2018 मध्ये त्यांचे नाव दिले गेले. त्या नावाखाली शिकणाऱ्या मुलीला स्वतःच लिहिता आले पाहिजे, तिचे कोणी टिपून घेण्याची वाट पाहावी लागू नये. तलाठ्याकडचा अर्ज, बँकेची नोटीस, स्पर्धापरीक्षेतील उतारा यांपैकी काहीही अहिराणीत येत नाही. प्रमाणलेखन न शिकवणे हे औदार्य नसून हात झटकणे आहे.

तेव्हा फेररचना करावयाची ती जादा तासाची नव्हे, पहिल्या सत्राच्या मराठीची. 2024-25 पासून संलग्न महाविद्यालयांत लागू झालेल्या रचनेत भाषिक क्षमतावर्धनासाठी श्रेयांक राखलेले आहेत. तेथे पुन्हा साहित्यप्रकारांची लक्षणे पाठ करून घेण्याऐवजी दर आठवड्याला एक पानभर मजकूर वर्गातच, मोठ्याने आणि मग मूकपणे वाचला जावा. आजीने सांगितलेली हकिकत विद्यार्थ्याने प्रथम आहे तशी उतरवावी, नंतर तीच प्रमाण मराठीत लिहावी आणि दोहोंत काय बदलले, काय गमावले, हे तिसऱ्या परिच्छेदात मांडावे. या तिसऱ्या परिच्छेदात व्याकरणही येते आणि समीक्षाही. परीक्षेत न वाचलेला उतारा असावा, म्हणजे गाईड आपोआप गळून पडेल. असा तास सर्वांसाठी असल्याने कोणाच्या कपाळी ‘मंदगती’चा शिक्का बसणार नाही.

यावर वर्गसंख्येचा आक्षेप घेतला जाईल, आणि तो खोटा नाही. शंभर वह्या दर आठवड्याला तपासणे एका माणसाला अशक्य आहे. पण पंधरा-पंधरांच्या गटांत आळीपाळीने तपासता येतात, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना त्यात सहभागी करून घेता येते. ‘वाचक’ या संकल्पनेवर शोधनिबंध लिहिणाऱ्यांनी वर्षभर वाचक पाहिले तर काही बिघडणार नाही.

चाळीसगावपासून जवळच पाटण येथे शके 1128 चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला त्याची ती नोंद. वंशाची स्तुती संस्कृतात आहे. मठासाठी बाजारातून काय द्यावयाचे तो तपशील मात्र मराठीत कोरलेला आहे, कारण तो बाजाराला कळणे भाग होते. आजच्या विभागांत वाटणी वेगळी आहे : सिद्धान्ताचा पेपर ज्येष्ठ प्राध्यापकाकडे आणि प्रथम वर्षाचे भाषिक कौशल्य तासिका तत्त्वावरील, वर्षागणिक बदलणाऱ्या अध्यापकाकडे. पुढील वेळापत्रक आखताना एवढी एक अदलाबदल विभागप्रमुखांनी करून पाहावी. त्यासाठी कोणत्याही परिपत्रकाची आवश्यकता नाही.