युरिया ओतायचा आणि जिवाणूंना नावं ठेवायची!



तोडी सुरू झाल्या की शिवारात पाचट पेटतं आणि गट ऑफिसात ठरलेली तक्रार येते, "साहेब, जिवाणू खताचा काही उपेग झाला नाही." पाकीट मुदतीबाहेरचं किंवा उन्हात पडलेलं असेल तर गोष्ट वेगळी. एरवी दोष आपल्याच वापरात असतो, असं आमचं स्पष्ट मत आहे.

ॲझोटोबॅक्टर हवेतला नत्र धरतो. हवेत शंभरात ७८ भाग नत्र आहे, पण तो धरणं स्वस्त नाही. नत्राचा एक रेणू फोडायला जिवाणूला ऊर्जेची निदान १६ नाणी मोजावी लागतात. म्हणून जमिनीत तयार अमोनिया मिळाला की तो हे काम बंद करतो, त्यासाठी लागणारं विकर बनवणंच थांबवतो. नत्राची चणचण भासली की पुन्हा सुरू. आयतं ताट समोर आल्यावर चूल कोण पेटवील? उसाच्या मुळा-कांड्यांत राहणारा एक नत्र धरणारा जिवाणू ब्राझीलमध्ये कावालकांती व डोबेराइनर यांनी १९८८ साली उजेडात आणला. भरपूर नत्र दिलेल्या उसात त्याचीही संख्या घटते. तेव्हा शिफारशीवर दोन पोती युरिया जादा टाकून वर जिवाणू सोडणं म्हणजे पैसे पाटाच्या पाण्यात सोडणं.

दुसरी उपासमार मात्र त्याला झोपवते, ती सेंद्रिय कर्बाची. कर्ब हे त्याचं अन्न. ते संपलं की ॲझोटोबॅक्टर जाड कवच करून पडून राहतो. मरत नाही, पण कामही करीत नाही. आणि आपण काडी लावून नेमकं तेच अन्न जाळतो.

"पाचट ठेवलं की खोडवा पिवळा पडतो," हे म्हणणं खोटं नाही. पाचटात कर्ब फार, नत्र थोडा. कुजवणाऱ्या जिवाणूंना स्वतःचं शरीर बांधायला नत्र लागतो, तो ते जमिनीतून उचलतात आणि पीक उपाशी राहतं. इथं युरिया द्यायलाच पाहिजे. टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं संवर्धक, पाचटावर पसरून लगेच पाणी. एकरी तीन-चार टन पाचट निघतं, त्यावरून हिशेब धरावा. पाचट सरीत दाबायला मजुरी पडते, हे आम्हांलाही कळतं. पण बुडखे जमिनीलगत छाटून घेतले की निम्मं काम हलकं होतं, आणि हे तोड झाल्यावर आठवड्याच्या आत उरकावं.